तीन बोकडांच्या गोष्टीवरून नॉर्वेजियन व्याकरणाची सुरुवात करता येईल का?

मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत मी बरीच वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझी लेक व जावई नॉर्वेतील बर्गेन शहरात राहतात आणि पाच वर्षांची नात तिथल्या बालवाडीत जाते. माझ्याशी ती मराठीतच बोलते, मात्र गोष्ट सांगायची वेळ आली की तिला नॉर्वेजियनच सुचते, आणि गेले कित्येक रविवार ती मला फोनवरून एकच गोष्ट सांगते आहे. तीन बोकड अंग धरावे म्हणून डोंगरावरच्या कुरणाकडे निघतात; वाटेत धबधब्यावर पूल असतो आणि त्या पुलाखाली एक भयंकर राक्षस राहत असतो. धाकटा बोकड ‘मी फार लहान आहे, माझ्या मागून मोठा येतो आहे’ असे सांगून सुटतो, मधलाही तसाच सुटतो, आणि थोरला मात्र राक्षसाला शिंगांवर घेऊन धबधब्यात लोटून देतो. गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी गोकाकचा घटप्रभेवरचा झुलता पूल येतो, आणि लहानपणी त्यावरून चालताना पायांखाली जाणवलेली थरथर आठवते.

नातीची गोष्ट तिच्या शब्दांत समजावी आणि जमल्यास दोन वाक्ये तिला आपणही ऐकवावीत, एवढ्यासाठी मी सहा आठवड्यांपूर्वी व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसले. तक्ते रात्री पाठ होतात आणि सकाळी पुसले जातात. गोष्टीतली वाक्ये मात्र मुद्दाम न शिकता तोंडी बसली आहेत. तेव्हा ही गोष्टच पाठ्यपुस्तक मानून तिच्यातून व्याकरण काढत जावे, असे मनात आले आहे.

माझे अडलेले मुद्दे असे आहेत. ‘बुक्क’ म्हणजे बोकड हे कळले, पण नात कधी ‘बुक्केन’ म्हणते, कधी ‘बुक्केर’, कधी ‘बुक्केने’, आणि या शेपट्यांचा नियम मला लागत नाही. पुलासाठी माझ्या पुस्तकात ‘ब्रूआ’ आहे, तर नात ‘ब्रूएन’ म्हणते. ‘मी’ या अर्थी पुस्तकात ‘यै’ आहे, तर नात स्पष्टपणे ‘एग’ म्हणते. यांतले चूक कोणते? शिवाय राक्षस ओरडतो, ‘नो कॉमेर यै ओ तार दै’, म्हणजे ‘आता येतो मी आणि धरतो तुला’. पुस्तकाच्या पहिल्या पाठात मात्र ‘यै कॉमेर’ असा क्रम दिलेला आहे. राक्षस रागावला म्हणून शब्द उलटे झाले की यामागे काही नियम आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीचा, मुक्काम बर्गेन

बाई, नमस्कार. मी मूळचा निपाणीचा असून गेली काही वर्षे बर्गेनलाच नोकरी करतो. आपण निवडलेली वाट योग्य आहे असे माझे ठाम मत आहे, कारण या गोष्टीत एकच प्रसंग तीन वेळा येतो आणि दर खेपेला त्यातला एखादाच शब्द बदलतो. भाषा शिकणाऱ्याला याहून सोयीची रचना मुद्दाम लिहूनही मिळणार नाही. खाली नॉर्वेजियन शब्द उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत लिहितो; काही स्वरांसाठी आपल्याकडे अक्षर नाही, ते नातीच्या तोंडूनच घ्यावेत.

प्रथम चूक-बरोबर यासंबंधी, कारण आपली नात आणि आपले पुस्तक दोन्ही बरोबर आहेत. नॉर्वेजियनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत, परंतु बर्गेनच्या बोलीत स्त्रीलिंग उरलेले नाही; तिथे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिसळून एकच झाले आहे. म्हणून पूल हा शब्द देशात इतरत्र अनेक ठिकाणी स्त्रीलिंगी धरून ‘ब्रूआ’ होतो आणि बर्गेनमध्ये ‘ब्रूएन’ होतो. या भाषेची बोकमॉल आणि नीनोर्स्क अशी दोन अधिकृत लेखी रूपे आहेत व १८८५ पासून दोन्हींना समान दर्जा आहे. आपले पुस्तक बोकमॉलचे दिसते, आणि त्यात ‘ब्रूआ’ व ‘ब्रूएन’ दोन्ही चालतात. ‘एग’ हे बर्गेनच्या बोलीतले ‘मी’ आहे. बेळगावचे मराठी आणि पुण्याचे मराठी यांत जो फरक आपण रोज ऐकतो, तसाच हा आहे असे समजावे. नातीला ‘एग’ वरून टोकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता शेपट्यांकडे वळू. मराठीत आपण ‘एक बोकड होता’ असे म्हणून गोष्ट सुरू करतो आणि पुढे ‘तो बोकड’ म्हणतो. नॉर्वेजियनमध्ये ‘एक’ साठी ‘एन’ शब्दाच्या आधी येतो, पण ‘तो’ हा अर्थ मात्र शब्दाच्या शेवटी चिकटतो. ‘एन बुक्क’ म्हणजे कोणी एक बोकड आणि ‘बुक्केन’ म्हणजे तो ओळखीचा बोकड. अनेकवचनात ‘बुक्केर’ म्हणजे काही बोकड आणि ‘बुक्केने’ म्हणजे ते बोकड. गोष्टीचे पहिले वाक्य ऐकताना लक्ष द्यावे: तिथे ‘त्रे बुक्केर’, तीन बोकड, असे येते, कारण अजून आपली त्यांची ओळख झालेली नाही. शेवटी कुरणावर पोचल्यावर तेच ‘बुक्केने’ होतात. ओळख होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर एवढाच हा नियम आहे, आणि तो तक्त्यापेक्षा गोष्टीत अधिक स्वच्छ दिसतो, कारण गोष्टीत ओळख खरोखरच होते.

राक्षस, म्हणजे ‘त्रॉल’, हा नपुंसकलिंगी आहे. ‘एत् त्रॉल’ म्हणजे कोणी एक राक्षस आणि ‘त्रॉले’ म्हणजे तो राक्षस. लेखनात शेवटी एक ‘त’ असतो, पण तो उच्चारत नाहीत, म्हणून नातीच्या बोलण्यात तो आपल्याला सापडणार नाही. एकाक्षरी नपुंसकलिंगी शब्दांना बहुधा अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे एक ‘त्रॉल’ आणि दहा ‘त्रॉल’. ‘ते राक्षस’ म्हणायचे असल्यास ‘त्रॉलेने’.

विशेषण आले की गंमत वाढते. राक्षसाचे पहिले वर्णन ‘एत् स्तुर्त, फेल्त त्रॉल’ असे आहे, म्हणजे एक मोठा, भयंकर राक्षस. दोन्ही विशेषणांच्या शेवटी जो ‘त’ आहे तो नपुंसकलिंगाचा, जसा आपल्या ‘मोठे’ मधला एकार. हाच राक्षस ओळखीचा झाला की ‘दे स्तूरे, फेले त्रॉले’ होतो, आणि थोरला बोकड ‘देन स्तूरे बुक्केन’ होतो. इथे ‘तो’ हा अर्थ दोनदा आला: एकदा आधीच्या ‘देन’ मध्ये आणि एकदा शेवटच्या ‘एन’ मध्ये. मला हे अंगवळणी पडायला एक संपूर्ण हिवाळा लागला. आपण मात्र ‘देन इंग्स्ते बुक्केन’, धाकटा बोकड, हे तीन शब्द एका दमात म्हणत राहावे. नियम मागाहून आपोआप ध्यानात येतो.

राक्षसाचे शब्द रागाने उलटे झालेले नाहीत. साध्या विधानात क्रियापदाची जागा दुसरी ठरलेली असते. पहिल्या जागी कर्ता असेल तर ‘यै कॉमेर’. पहिल्या जागी ‘आता’ या अर्थाचा ‘नो’ आला, तर दुसरी जागा तरीही क्रियापदाचीच राहते आणि कर्त्याला मागे सरकावे लागते: ‘नो कॉमेर यै’. धाकटा बोकड पुलावर येतो तेव्हाही ‘फॉर्स्त कॉम देन इंग्स्ते बुक्केन’ असेच घडते, म्हणजे शब्दशः ‘प्रथम आला धाकटा बोकड’. मराठीत क्रियापद शेवटी बसते, म्हणून आपली जीभ इथे हमखास अडखळते. पहिल्या जागेवर पाहुणा बदलत राहतो आणि दुसऱ्या जागेवर घरधनी कायम असतो, असे मी स्वतःला शिकवले होते.

क्रियापदांच्या बाबतीत आपले ओझे बरेच कमी होईल. मी, तू, तो, ती, आम्ही, ते, सर्वांसाठी वर्तमानकाळात ‘कॉमेर’ आणि भूतकाळात ‘कॉम’. निवेदन भूतकाळात आहे आणि राक्षस-बोकडांचे संवाद बहुतांशी वर्तमानकाळात आहेत, म्हणून एकाच गोष्टीतून दोन काळ वेगवेगळे ओळखता येतात: निवेदकाचे ‘कॉम’, राक्षसाचे ‘कॉमेर’. पुलाचा आवाजही असाच ऐकावा. ‘त्रिप त्राप, त्रिप त्राप, सा दे ई ब्रूएन’ यातील ‘सा’ म्हणजे ‘म्हणाले’. पुलात तसा आवाज झाला, हे सांगायला नॉर्वेजियन माणूस म्हणण्याचेच क्रियापद वापरतो.

दोन भाषांचा शिक्षक, चिकोडी

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मला नॉर्वेजियन थोडीच येते. ती मी तुलनेच्या आवडीपोटी पाहिली आहे. मात्र कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा मी शिकवतो, आणि आपल्या भागातल्या माणसाला या गोष्टीत कोणत्या पायऱ्या आयत्या मिळतात, ते सांगावेसे वाटते.

बाईंनी शेळीचे कुटुंब घ्यावे. मराठीत बोकड पुल्लिंगी, शेळी स्त्रीलिंगी आणि करडू नपुंसकलिंगी. नॉर्वेजियनमध्येही ‘एन बुक्क’ पुल्लिंगी, ‘ऐ यैत’ म्हणजे शेळी स्त्रीलिंगी आणि ‘एत् ह्ये’ म्हणजे करडू नपुंसकलिंगी. तिन्ही लिंगे एकाच गोठ्यात सापडतात आणि तीही आपल्याच वाटणीप्रमाणे. हा सुखद योगायोग सगळीकडे चालेल असे मात्र समजू नये, कारण पूल आपल्याकडे पुल्लिंगी आहे आणि राक्षसही. कन्नड बोलताना आपण बोकडाला, शेळीला आणि करडाला सारखेच ‘बंतु’ म्हणतो, कारण तिथे मनुष्येतर सर्व नपुंसक; आणि मराठीकडे वळताच ‘आला, आली, आले’ अशी वाटणी करतो. एका दिवसात दोनदा लिंगव्यवस्था बदलण्याची ज्याला सवय आहे, त्याने तिसरीला घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी ‘माझा’ या शब्दाची. राक्षस विचारतो, ‘वेम ऍर दे सोम त्रिपेर पो मी ब्रू?’ म्हणजे ‘माझ्या पुलावर कोण टपटप चालते आहे?’ इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे. तो ‘माझी’ आहे, कारण या ठिकाणी पूल स्त्रीलिंगी धरला आहे. ‘मिन, मी, मित्, मीने’ ही चार रूपे ‘माझा, माझी, माझे’ आणि अनेकवचन यांच्याशी ताडून पाहावीत. ज्या भाषांत ‘माझे’ या अर्थाचा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्या बोलणाऱ्यांना हे पाठ करावे लागते. मराठी माणसाला फक्त ओळखावे लागते. बर्गेनमध्ये आपली नात बहुधा ‘ब्रूएन मिन’ म्हणेल, म्हणजे मालकीचा शब्द नामाच्या नंतर. तेही शुद्धच आहे, आणि रोजच्या बोलण्यात तोच क्रम अधिक ऐकू येतो.

कुरणाला जाण्यासाठी गोष्टीत ‘तिल सेतेर्स’ असा प्रयोग आहे. ‘सेतेर’ म्हणजे उन्हाळ्यात जनावरे नेण्याची डोंगरावरची जागा, जिथे राहून पूर्वी दूधदुभत्याचे कामही चाले. आपल्याकडचे धनगर ऋतूप्रमाणे कळप घेऊन निघतात आणि खतासाठी शेतात बकरी बसवतात, त्यामुळे चाऱ्यामागे जाणे ही कल्पना आपल्या गावांना परकी नाही. शेवटचा ‘स’ हा जुन्या विभक्तीचा अवशेष आहे आणि तो मोजक्याच ठरावीक प्रयोगांत टिकला आहे. मराठीत ‘घरी’, ‘दारी’, ‘पायी’ यांतला ईकार असाच उरला आहे. आपण ‘घरी’ म्हणतो, पण ‘दुकानी’ म्हणत नाही. म्हणून हा ‘स’ इतर शब्दांना लावू नये, जसा आहे तसा घ्यावा.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. ‘आता मला खाऊ नको, मी लहान आहे, जरा थांब’ ही विनवणी आपण कुठे ऐकली आहे? आपली म्हातारी वाघाला हेच सांगते: लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. तिथेही लठ्ठ होण्यासाठीच प्रवास आहे, वाटेत खाणारा आहे आणि उद्यावर ढकलून केलेली सुटका आहे. ‘त्रिप त्राप’ च्या जागी ‘टुणूक टुणूक’ आहे एवढेच. ‘लठ्ठ होणे’ यासाठी बोकड म्हणतो ‘योरे मै फेत’, शब्दशः ‘मला लठ्ठ करणे’. तिघांविषयी बोलताना तेच ‘योरे सै फेते’ होते. ‘मै’ मला, ‘सै’ स्वतःला, आणि एकासाठी ‘फेत’, अनेकांसाठी ‘फेते’. एवढ्या लहानशा तुकड्यात आत्मवाचक सर्वनाम आणि विशेषणाचे वचन दोन्ही हाती येतात. बाईंनी भोपळ्याची गोष्ट या तुकड्यांतून रचून पाहावी, असे मी सुचवतो.

शुश्रूषा विद्यार्थिनी, बेळगाव

मी नोकरीच्या दृष्टीने ही भाषा शिकते आहे, म्हणून एक सावधगिरी नमूद करते. ही गोष्ट आणि तिच्यासारख्या इतर लोककथा आस्ब्यॉर्नसेन आणि मू या नॉर्वेजियन संग्राहकांनी १८४० च्या दशकात छापल्या, आणि त्या काळचे लेखन डॅनिश वळणाचे होते; १९०७, १९१७ आणि १९३८ च्या सुधारणांनंतर ते बरेच बदलले. इंटरनेटवर जुनी प्रत सहज समोर येते आणि नवशिक्याला तिच्यातले लेखन आजचेच वाटते. मी अशाच प्रतीवरून दोन महिने चुकीचे लेखन घोटले, म्हणून अलीकडच्या मुलांच्या पुस्तकातला पाठ घ्यावा. बोकड ‘थांब’ या अर्थी ‘बी’ म्हणतो, पण आज कोणी तसे म्हणत नाही. आजचा शब्द ‘वेन्त’ आहे.

मात्र गोष्टीच्या शेवटच्या वाक्यातून मला जे मिळाले, ते कोणत्याच वर्गात इतके स्पष्ट झाले नव्हते. बोकड ‘सो फेते आत दी नेस्तेन इक्के ऑर्केत ओ गो येम’, म्हणजे इतके लठ्ठ झाले की त्यांना घरी चालत जाणेही जवळजवळ झेपेना. ‘इक्के’ म्हणजे ‘नाही’. साध्या वाक्यात तो क्रियापदानंतर येतो: ‘यै कॉमेर इक्के’, मी येत नाही. ‘आत’ म्हणजे ‘की’, आणि त्यापुढच्या गौण वाक्यात ‘इक्के’ क्रियापदाच्या आधी सरकतो. मराठीत ‘येत नाही’ मध्ये नकार मागे आणि ‘न येता’ मध्ये पुढे, असे मनात धरल्यावर माझी ही चूक थांबली.

मलप्रभाकाठ, खानापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. ‘एग’ विषयी वाचून मला विशेष बरे वाटले, कारण मागच्याच रविवारी मी नातीला ‘पुस्तकात तसे नाही’ असे म्हटले होते. काल तिची क्षमा मागितली.

चिकोडीच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे म्हातारीची गोष्ट रचून पाहिली आहे. ‘होती एके काळी एक म्हातारी’ यासाठी गोष्टीतलाच आरंभ घेतला: ‘दे वार एन गांग एन गामेल कूने.’ वाघ म्हणतो, ‘नो यै कॉमेर ओ तार दै.’ ती म्हणते, ‘यै स्काल तिल दात्तेरेन मिन ओ योरे मै फेत.’ पुढे ‘देन गामेल कूने’ भोपळ्यात बसून येते, आणि भोपळा आपल्याकडे पुल्लिंगी म्हणून मी ‘एन स्तूर ग्रेस्कार’ असे लिहिले आहे. रविवारपूर्वी कोणी तपासून दिल्यास उपकार होतील.

निपाणीचा, मुक्काम बर्गेन

बाई, आरंभ निर्दोष आहे आणि म्हातारीचे वाक्यही पूर्णपणे बरोबर आहे. ‘स्काल तिल’ मध्ये ‘जाणे’ हे क्रियापद आपण गाळले, तेच योग्य. बोकडही तसेच बोलतो. तीन ठिकाणी दुरुस्ती हवी. वाघाच्या तोंडी क्रियापद दुसऱ्या जागी आणावे: ‘नो कॉमेर यै’. म्हातारी ओळखीची झाल्यावर विशेषण बदलते आणि नामालाही शेपूट लागते, म्हणून ‘देन गाम्ले कूनेन’. बर्गेनबाहेर ‘कूना’ असेही ऐकू येईल. भोपळा इथे नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ‘एत् स्तुर्त ग्रेस्कार’, आणि ओळखीचा झाल्यावर ‘ग्रेस्कारे’, शेवटचा ‘त’ न उच्चारता.

‘टुणूक टुणूक’ चे भाषांतर करू नये, असे मला वाटते. नातीला ते मराठीतच ऐकवावे आणि पुढचे वाक्य तिच्या ओळखीचे ठेवावे: ‘टुणूक टुणूक, टुणूक टुणूक, सा दे ई ग्रेस्कारे.’